चार मुठी गहू

१

आषाढ उतरणीला लागला की आमच्याकडच्या बायकांच्या अंगात येतं. देवी कानबाई बसायची असते ना! श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार तिचा, आणि त्याआधी घरातली काडी न् काडी अंगणात निघाली पाहिजे, धुतली पाहिजे, मिळेल तेवढं ऊन खाऊन परत आत गेली पाहिजे. गोधड्या, डबे, पाट, वरवंटा, लोणच्याची बरणी, काही म्हणजे काही सुटत नाही. त्या दिवसांत शहाद्याकडच्या कुठल्याही गावात जा, घरं आतून रिकामी आणि बाहेरून भरलेली दिसतील.

धर्मेंद्रच्या घरात मात्र ही आवराआवर बाराही महिने चालायची. त्याची बायको ममता सुरतेत वाढलेली. बाप साड्यांच्या कारखान्यात, आणि घर म्हणजे एक खोली. तिथे ममताचं स्वतःचं म्हणून काय होतं, तर एक चटई. तीही डोळे उघडल्याबरोबर गुंडाळून पेटीमागे सरकवायची, कारण त्याच जागेवर आई स्टोव्ह मांडायची. लग्न होऊन ती इकडे आली तेव्हा मधल्या खोलीत उभी राहून तिने चारही भिंतींकडे पाहिलं आणि तिला रडूच आलं. एवढी जागा, आणि सगळी सामानाने खाऊन टाकलेली!

मग तिने घर हातात घेतलं. मोबाइलवर बघून बघून शिकली. कपड्याची घडी अशी घालायची की ती कपाटात उभी राहते, एकीवर एक रचायची नाही. डबे सगळे एका उंचीचे. वर्षभरात जिला हात लागला नाही ती वस्तू घरात ठेवायची नाही, हा तिचा नियम. शेजारणी म्हणायच्या, हिच्या घरात सुई पडली तर सुईच ओशाळेल. पण खोटं कशाला बोला, त्याच शेजारणी आपल्या पाहुण्यांना मुद्दाम तिचं घर दाखवायला घेऊन यायच्या. ममताला ते फार आवडायचं. आपण या घरात आलो, या घराला आकार आणला, आता हे घर आपलं, असं तिला मनापासून वाटायचं.

एकच खोली तिच्या हाताबाहेर होती. मागची.

२

मागची खोली नवलची. नवल म्हणजे धर्मेंद्रचा मोठा भाऊ. तो मोलगीच्या रस्त्याला जीप चालवायचा. एका बाजाराच्या दिवशी गेला तो परत आलाच नाही. जीप घाटात कडेला उभी सापडली, आतून झाडूनपुसून लख्ख, किल्ली जागेवर. त्याच्या चपला जीपच्या दाराशी जोडीने काढलेल्या, घरात शिरताना माणूस काढतो तशा. शोधाशोध झाली, नवस झाले, पोलिसात कळवून झालं, आणि मग जो तो आपल्या कामाला लागला. ममता तेव्हा सून होऊन यायची होती. तिने या दिराला कधी पाहिलेलंही नाही.

सासू, गजराबाई, तेवढी कामाला लागली नाही. नवलची नवारीची खाट, त्याची पेटी, त्या चपला, सगळं तिने मागच्या खोलीत ठेवलं होतं. रोज सकाळी ती खोली झाडायची. खाटेवर कुणाला बसू द्यायची नाही. आणि दर कानबाईला त्याची मूठ घालायची.

ही मुठीची गोष्ट सांगायला हवी. कानबाईच्या रोटाचे गहू माणसांवर मोजून घेतात, एका माणसाची सव्वा मूठ. कुणाकडे फक्त पुरुषमाणसं मोजतात, या घरात बायका-लेकरंही मोजत. त्या गव्हाचं पीठ, त्या पिठाचा रोट, आणि तो खायचा घरच्यांनीच. बाहेरच्या माणसाला त्यातला घास नाही. धर्मेंद्र, ममता, त्यांची मुलगी मोहिनी आणि गजराबाई स्वतः अशी चार माणसं, पण मुठी पडायच्या पाच. पोरगा मेल्याचं कुणी सांगितलं नाही, मग त्याला मोजायचं नाही कसं?

या वर्षी ममताने ठरवलं. मोहिनी मोठी व्हायला लागली होती, तिला अभ्यासाला जागा हवी होती. जिवंत पोरीने ओट्यावर बसून लिहायचं आणि नसलेल्या माणसाने खोली अडवायची, हे तिला सहन होईना. धर्मेंद्रला विचारलं तर तो म्हणाला, माय जे म्हणेल ते. मायला विचारलं तर ती केरसुणी घेऊन मागच्या खोलीत गेली. मग ममतानेच खाट ओढून अंगणात काढली, पेटी काढली, चपला काढल्या, बाकीच्या सामानाबरोबर धुतल्या, आणि म्हसावदच्या खात्या नावाच्या भंगारवाल्याचा टेम्पो दारावरून जात होता त्याला हाक मारली.

गजराबाई ओट्यावर बसून बघत होती. ती एवढंच म्हणाली की कानबाईसाठी बाहेर काढलेलं आधी आत घ्यावं लागतं. मोडकं असलं तरी एकदा उंबरा ओलांडून आत आणायचं, मग कानबाई झाल्यावर काय टाकायचं ते टाकायचं. अंगणातून परस्पर द्यायचं नसतं. ममता हसली. म्हणाली, आई, एवढी जड खाट परत आत नेऊन परत बाहेर काढायची? आणि मग, हात लागलेच आहेत तर हेही उरकून टाकावं म्हणून, तिने सांगून टाकलं.

"आणि या वर्षी मुठी चारच घ्यायच्या. घरात जितकी माणसं तितक्याच."

गजराबाईने सुनेकडे बराच वेळ पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर ममताला बरं वाटलं असतं.

"बरं," ती म्हणाली. "चारच लिसू."

३

खोली काय सुरेख निघाली! ममताने चुना मारला, खिडकीला पडदा लावला, खाट होती त्या जागी मोहिनीचं टेबल मांडलं. पोरगी हरखून गेली. ममता दारात उभी राहून किती वेळ बघत होती. आपल्याला नाही मिळालं ते लेकीला दिलं, या सुखाने तिचा ऊर भरून आला होता.

दुसऱ्या दिवशी मोहिनी शाळेतून आली आणि म्हणाली, मम्मी, टेबल का हलवलं?

टेबल दारामागच्या कोपऱ्यात सरकवलेलं होतं. वह्यापुस्तकं वर नीट रचलेली. खाटेएवढी फरशी मोकळी होती, आणि बाकी खोलीत श्रावणातली ओल असताना तेवढी फरशी कोरडी होती.

ममताने ते परत जागेवर ओढलं. ओढताना तिला घाम फुटला, इतकं ते जड होतं. गजराबाईचे गुडघे तर असे गेलेले की पाण्याची कळशीही तिला उचलवत नाही. तरीही ममताचा संशय तिच्यावरच गेला. दुसरा जाणार कुणावर? धर्मेंद्रला सांगितलं तर तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, "तूच ठेयं व्हई. इसरी गयी व्हशी."

विसरली? ममता? घरातली टाचणी कुठे आहे ते झोपेत सांगेल अशी बाई! तिला धर्मेंद्रचा भयंकर राग आला. पण भांडायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की तो तिच्याकडे बघतच नाही. ती बसली होती त्या जागेच्या जरा बाजूला, भिंतीकडे तो बघत होता.

त्यानंतर टेबल रोज हलायला लागलं. मग ते खोलीच्या बाहेर आलं. मग एका दुपारी अंगणात सापडलं, धुतलेलं, पुसलेलं, उन्हात ठेवलेलं. आणि त्याच दुपारी, गजराबाई शेजारी गेलेली, मोहिनी शाळेत, घरात ममता एकटी तांदूळ निवडत असताना मागच्या खोलीतून आवाज आला. मोठा नव्हता. नवारीच्या खाटेवर माणूस बसतो तेव्हा पट्ट्या ताणल्या जातात आणि लाकूड जरासं कुरकुरतं, तेवढाच.

ममता उठली. खोलीत गेली. खोली रिकामी. पडदासुद्धा हलत नव्हता. ती स्वतःला म्हणाली, लाकडी खिडकी पावसाने फुगली असणार, तिचाच आवाज. ती खिडकी लोखंडी होती, हे तिला तांदळापाशी परत येऊन बसल्यावर आठवलं.

तिने मोहिनीचा बिछाना परत मधल्या खोलीत घातला. लेकीने कारण विचारलं नाही, हेच तिला जास्त लागलं.

४

टेबलापर्यंत ठीक होतं. पण पुढे तिच्या वस्तू निघू लागल्या.

आधी कंगवा. तो ओट्याच्या कडेला, धुतलेला, एक केस नाही त्यात. मग तिची उशी. मग पितळी कुंकवाची डबी, जी तिने सुरतेहून आणली होती आणि वर्षभरात जिला खरोखरच हात लागला नव्हता. प्रत्येक वेळी ती वस्तू उचलून आत नेत होती, आणि प्रत्येक वेळी तिची आतली जागा भरलेली असायची. म्हणजे दुसरं काही तिथे आणून ठेवलेलं नसे. आजूबाजूच्या वस्तूच थोड्या थोड्या सरकून सारख्या अंतरावर बसलेल्या असायच्या. कपाटात मध्ये फट नाही, मांडणीवर मध्ये फट नाही. कंगवा हातात घेऊन ती उभी राहायची आणि तो ठेवायचा कुठे हे तिला कळायचं नाही.

शुक्रवारी सकाळी ओट्यावर तिच्या साड्या होत्या. ती पुढे गेली आणि तिथेच थांबली.

साड्या उभ्या ठेवलेल्या होत्या. चार बोटं रुंद घड्या, काठ आत, एकीला एक टेकून, कुठेही न कलंडता. गजराबाईला ही घडी येत नाही. धर्मेंद्रला तर रुमालाची येत नाही. ही घडी या गावात एकाच बाईला येत होती, आणि तिने ती घातली नव्हती. की घातली होती? तिने स्वतःच्या हातांचा वास घेऊन पाहिला. हाताला साबणाचा वास येत होता. पण तिच्या हाताला तर तो नेहमीच येतो.

 कुणी चिडून वस्तू फेकल्या असत्या तर तिने कंबर कसून भांडण काढलं असतं. पण इथे कुणी चिडलेलं नव्हतं. कुणीतरी शांतपणे, मन लावून, तिच्याच रीतीने घर आवरत होतं, आणि नको ते बाहेर काढत होतं.

ती धावत सासूकडे गेली. रडली. म्हणाली, आई, चुकलं माझं, खाट परत आणते. गजराबाई फडक्याने समई पुसत होती. तिने ममताला जवळ घेतलं नाही की दूरही ढकललं नाही.

"त्यानी जागा शे ती," ती म्हणाली. "कोठे जाई तो?"

ही त्याची जागा आहे, तो जाणार तरी कुठे. एवढं बोलून तिने समई उजेडात धरून पाहिली आणि परत पुसायला घेतली.

५

शनिवारी रोटाचे गहू मोजायचे. स्वयंपाकघरात पाट मांडला, पाटावर कोरं पांढरं फडकं, समोर सुपात निवडलेले गहू. गजराबाई न्हाऊन, केस मोकळे सोडून बसली. मोहिनी तिच्या मांडीला टेकून. धर्मेंद्र दाराशी उभा. ममता मुद्दाम अगदी समोर जाऊन बसली, सासूच्या डोळ्यांपुढे.

गजराबाईने मूठ भरली, वर चिमूट घातली, फडक्यावर सोडली. "ही मन्ही." दुसरी मूठ. "ही धर्मेंद्रनी." तिसरी घालताना तिने नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "ही मोहिनीनी."

ममता सासूच्या हाताकडेच बघत होती. मूठ भरली गेली. गजराबाईचा चेहरा इतका मऊ झालेला तिने कधी पाहिला नव्हता.

"ही मन्हा नवलनी."

आणि तिने हात झटकले. फडक्याची टोकं जुळवायला घेतली.

"आई," ममता म्हणाली, "माझी?"

गजराबाईने वर पाहिलं. वैर नव्हतं त्या नजरेत. रस्त्यावर कुणी पत्ता विचारला तर आपण बघतो, तशी होती.

"चारच लेवानं ठरेल शे."

चारच घ्यायचं ठरलंय. कुणी ठरवलं ते ती बोलली नाही, आणि बोलायची गरजही नव्हती. ममताने धर्मेंद्रकडे पाहिलं. नवरा आहे, लग्नाचा आहे, काहीतरी बोलेल. तो खाली वाकून उंबऱ्याजवळ सांडलेले गव्हाचे दाणे वेचत होता, एकेक करून, फार काळजीने.

मग ममता उठली, सुपात हात घातला, मूठ भरली आणि गाठ बसायच्या आत फडक्यात टाकली. कुणी अडवलं नाही.  तिला वाटलं, जमलं. संध्याकाळी ती अंगणात कपडे काढायला गेली तर ओट्याच्या कडेला, तिच्या साड्यांशेजारी, गव्हाची लहानशी रास होती. सव्वा मूठ. निवडलेली, एक खडा नाही त्यात.

६

रविवारी सकाळी घरात पाहुण्या बायका जमू लागल्या तशी ती निघाली. खाट परत आणायची, स्वतः उचलून उंबऱ्याच्या आत न्यायची, मुठी पुन्हा पाच करून घ्यायच्या, एवढंच तिच्या डोक्यात होतं. रिक्षाने म्हसावद गाठलं. खात्याचं भंगाराचं आवार शोधायला वेळ लागला नाही, पण आत शिरल्यावर तिला वाटलं आपण चुकून दुसरीकडे आलो. पत्रे एकीकडे, पितळ एकीकडे, सायकलची चाकं मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीत. जमीन झाडलेली.

खाट विचारली तर खात्या म्हणाला, ती तर त्याच दिवशी गेली. तुमच्याच घरचा माणूस येऊन घेऊन गेला.

"कोण माणूस?"

खात्या डोकं खाजवायला लागला. चेहरा काही त्याला सांगता येईना. अनवाणी होता, म्हणाला. चपला शोधल्या आपल्या, त्या घातल्या, पेटी खाटेवर ठेवली, खाट डोक्यावर घेतली. जाण्याआधी हे सगळं आवरून गेला. मी नको म्हणत होतो, पण त्याला पसारा बघवेना. फार चांगला माणूस, ताई, तुमचं नशीब.

परतीच्या वाटेवर ती मनाची समजूत घालत होती. कुणीतरी भुरटा असेल. खात्याने खाट विकून खाल्ली असेल आणि आता थापा मारत असेल. घरी जायचं, हात धुवायचे, पुरणाला बसायचं. आपलं घर आहे. रिक्षा दारात थांबली तेव्हा आतून कानबाईची गाणी ऐकू येत होती, आणि खापरावरच्या पोळ्यांचा, गंगाफळाच्या भाजीचा वास गल्लीभर सुटला होता. तिला कडकडून भूक लागली.

ओट्यावर एक गाठोडं होतं. तिच्याच जुन्या चादरीत बांधलेलं, चारही कोपरे सारखे. दाराशी चपलांची एक जोडी होती. जुन्या, मजबूत, धुतलेल्या. त्यांची टोकं घराकडे होती.

ममता उंबऱ्याशी आली आणि तिचा पाय उचलला जाईना. कुणी धरला नव्हता, काही नव्हतं. परक्याच्या घरात बोलावल्याशिवाय पाय पडत नाही, तसं झालं. तिने तिथूनच आत पाहिलं. मधल्या खोलीत कानबाई बसली होती, नथ घातलेली, समईच्या उजेडात. धर्मेंद्र पाटावर बसून जेवत होता. त्याच्या पलीकडे मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं, आणि त्या दारात खाटेचा एक कोपरा आणि दोन पावलं दिसत होती. नुकती धुतलेली, ओली. टाचा एकमेकींना जुळलेल्या. मोहिनी दोन्ही हातांत ताट धरून, सांडू नये म्हणून हळूहळू चालत, त्या दारातून आत जात होती.

दारात पोरगी थांबली. मागे वळून उंबऱ्याकडे बघितलं. ममताने हात पुढे केला.

"आजी," मोहिनी म्हणाली, "कोन उनं?" कोण आलंय, एवढंच.

गजराबाई बाहेर आली. हातात चहाचा कप, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्यांतला. तो कपही ममतानेच निवडून आणला होता. गजराबाईने तो ओट्यावर ठेवला आणि प्रेमाने, खरोखर प्रेमाने म्हणाली,

"बठ बेन, चहा ले. रोटनं बाहेरना मानूसले नही देतस."

दार लोटलं गेलं. आपटलं नाही कुणी, हळूच लोटलं. आत पाट सरकल्याचा आवाज आला, जागा करून कुणी बसावं तसा, आणि गाणं पुढे सुरू झालं.

ममताने चहा प्यायला. कप विसळला, उपडा घातला. तिला ओरडायचं होतं, दार बडवायचं होतं, लेकीला नावाने हाक मारायची होती, आणि प्रत्येक वेळी तिला वाटलं की आत सगळं किती जागच्या जागी बसलंय, आपण गेलो तर ते विस्कटेल. शेवटी तिने गाठोडं उचलून पाहिलं. हलकं होतं. त्यात जास्तीचं असं काहीच नव्हतं.